त्यास कोणी विचारलें काय?

एखाद्या घरीं पाहुणा येतो. ओसरीवर घोंगडी पसरली जाते, तांब्याभर पाणी पुढें ठेवण्यांत येतें, आणि आंत चहाचें आधण चढतें. घरांतील थोरला मुलगा तिशी ओलांडलेला. अंगापिंडानें धट्टाकट्टा, पण बुद्धीची वाढ मागें राहिलेली. तो खांबाशीं बसून पाहुण्याकडे पाहून हंसतो. पाहुणाही भला मनुष्य असतो. तो त्याच्या आईस विचारतो, "हा जेवला कां? ह्याला चहा चालतो ना?" आई म्हणते, "चालतो, पण बशींत ओतून द्यावा लागतो." चहा येतो, बशींत ओतला जातो, आणि तो पितो. सर्व कांहीं ममतेनें झालें. कोणी रागें भरलें नाहीं, कोणी हिडीसफिडीस केली नाहीं. तरी या लहानशा प्रसंगांत एक गोष्ट राहून गेली. ज्यानें चहा प्यावयाचा तो तेथेंच बसला होता. परंतु त्यास कोणी विचारलें नाहीं.

प्रिय वाचकहो, आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत अशीं घरें थोडीं नाहींत. त्या घरांतील आईबापांचे कष्ट आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्यांस दोष लावण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. परंतु एक प्रश्न आपणां सर्वांपुढें आहे, आणि तो टाळून चालणार नाहीं. ज्याची बुद्धि हळू चालते त्याचें हित कशांत आहे हें इतरांनीं ठरवावें, कीं आपलें जीवन कसें असावें हें त्यानें ठरवावें व इतरांनीं त्यास हात द्यावा? पहिल्यास आपण दया म्हणतों. दुसऱ्यास काय म्हणावें हें आपणांस अजून नीट सुचलेलें नाहीं.

प्रथम हीं माणसें कोण हें स्पष्ट केलें पाहिजे, कारण या बाबतींत पुष्कळ गैरसमज आहेत. खेड्यांत त्यांस खुळा, वेडा, अर्धवट, भोळा अशीं नांवें देतात. वेड हा रोग आहे; तो शहाण्यासुरत्या मनुष्यासही कोणत्याही वयांत जडूं शकतो, व त्यावर औषधोपचार करतां येतो. आम्ही ज्यांच्याविषयीं लिहीत आहों त्यांची वाढ जन्मापासून किंवा बालपणापासून निराळ्या गतीनें झालेली असते. कोणी उशिरां बोलतो, कोणी मुळींच बोलत नाहीं. कोणास हिशेब समजत नाहीं, तर कोणास माणसांची गर्दी व गोंगाट सोसवत नाहीं. हा रोग नव्हे, म्हणून तो औषधानें बरा होण्याचा प्रश्नच येत नाहीं. परंतु हीं माणसें आयुष्यभर शिकत राहतात. शिकविणारा मात्र धीराचा पाहिजे.

तसेंच हें कोणाच्या पापाचें फळ नव्हे. एका प्रकारच्या मुलांचें वर्णन जॉन लँगडन डाउन नांवाच्या इंग्रज वैद्यानें १८६६ सालीं केलें, म्हणून त्यास डाउन सिंड्रोम असें नांव पडलें. त्याचें कारण १९५९ सालीं पॅरिसमध्यें उघडकीस आलें: मार्त गोतिये, जेरोम लजन व रेमों त्युर्पें यांनीं दाखवून दिलें कीं, अशा मुलाच्या पेशींत शेहेचाळीसच्या जागीं सत्तेचाळीस गुणसूत्रें असतात. आईनें ग्रहण पाहिलें, सासूचा शाप लागला, पूर्वजन्मीचें कांहीं उभें राहिलें, या साऱ्या गोष्टी त्या एका शोधापुढें टिकत नाहींत. जी माता आजवर मान खालीं घालून वावरली तिनें ती वर करावी.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. दया चांगली आहे, तर तिच्यांत उणें काय? याचें उत्तर इतिहासानें दिलें आहे, आणि तें भयंकर आहे.

अमेरिकेंत सॅम्युएल ग्रिडली हाऊ नांवाचा एक परोपकारी वैद्य होऊन गेला. १८४८ सालीं त्यानें बोस्टन येथें मंदबुद्धि मुलांसाठीं शाळा काढली. मुलांस कांहीं वर्षें शिकवावें व मग आपापल्या घरीं परत पाठवावें असा त्याचा हेतु होता. परंतु हळूहळू चोहोंकडे अशा संस्था वाढूं लागल्या व त्यांत गेलेलीं मुलें परत येईनातशीं झालीं. १८६६ सालीं बटेव्हिया येथें अंधांच्या एका संस्थेची कोनशिला बसविण्याचा समारंभ होता. त्या आनंदाच्या प्रसंगीं हाऊनें भाषणांत उलट इशारा दिला: सारख्या व्यंगाच्या माणसांना एकत्र कोंडूं नका, त्यांस सर्वसाधारण लोकांत मिसळून राहूं द्या. ज्यानें स्वतः संस्था काढल्या त्याच्याच तोंडचा हा इशारा होता. पण तो कोणी मनावर घेतला नाहीं.

पुढें शंभर वर्षांनीं काय झालें तें पाहा. न्यूयॉर्क शहरांतील स्टेटन बेटावर विलोब्रुक नांवाची सरकारी संस्था होती. ती सुमारें ४,००० जणांसाठीं बांधलेली. परंतु १९६५ च्या सुमारास तींत ६,००० हून अधिक माणसें भरलीं होतीं. त्या वर्षीं रॉबर्ट केनेडी यांनीं ती पाहिली व उघडपणें तिचा निषेध केला. तरी स्थिति पालटली नाहीं. १९७२ च्या आरंभीं एक बातमीदार छायाचित्रणाचें यंत्र घेऊन आंत शिरला, आणि उघडीं नागडीं, घाणींत बसलेलीं, कण्हणारीं मुलें देशांतील लोकांनीं घरबसल्या दूरचित्रवाणीवर पाहिलीं. मग आईबाप न्यायालयांत गेले. १९७५ सालीं तडजोडीचा हुकूम झाला कीं या माणसांना वस्तींतील लहान घरांत राहावयास न्यावें. आणि १९८७ सालीं विलोब्रुक कायमचें बंद झालें.

येथें कोणी म्हणेल, तेथील चाकर दुष्ट होते. तसें नाहीं. कित्येक चांगलेही होते; परंतु एकेका चाकराच्या पदरीं डझनांनीं माणसें होतीं. तेव्हां प्रत्येकास भरविण्यास दोन चार मिनिटें, धुण्यास एक नळी, आणि बोलण्यास मुळींच वेळ नाहीं, अशी गत झाली. मूळ दोष याहूनही खोल आहे. त्या भिंतींच्या आंत कोणाच्याही "नको" या शब्दास किंमत नव्हती. ज्याचें "नको" कोणी ऐकत नाहीं त्याच्यावर होणाऱ्या अन्यायास मर्यादा राहत नाहीं. मग तो अन्याय मोठ्या इमारतींत होवो, कीं लहानशा घराच्या माजघरांत होवो. दयेनें सुरू झालेली गोष्ट, ज्याच्यावर दया केली त्यास मुका ठरविल्यामुळें, क्रौर्यापाशीं जाऊन पोंचली. हा धडा नॉर्वे व स्वीडन या देशांनीं घेतला. तेथें कायदे करून १९९० च्या दशकांत असल्या संस्था बंद करण्यांत आल्या, आणि त्यांतील माणसें गांवांतील साध्या घरांत राहावयास गेलीं.

आतां याच्या उलट एक चित्र पाहूं, आणि तें खेड्याचें आहे म्हणून आमच्या वाचकांस अधिक जवळचें वाटेल. बेल्जम देशांत गील नांवाचें गांव आहे. तेथील एका जुन्या देवळाकडे मध्ययुगांत वेडसर माणसांस यात्रेस आणीत. देवळाजवळ जागा पुरेना, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें. यात्रा संपली तरी कित्येक तेथेंच राहिले. अशा रीतीनें शेंकडों वर्षें त्या गांवच्या शेतकरी घरांत, बापामागून मुलानें, परक्या माणसास घरचा करून ठेवण्याची वहिवाट पडली. १८५० च्या कायद्यानंतर सरकारनें त्यावर देखरेख ठेवली, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या एका गांवांत असे साडेतीन हजारांवर लोक राहत होते. त्यांत मनोरुग्ण होते, तसे मंदबुद्धीचेही पुष्कळ होते. आज त्यांची संख्या कांहीं शेंवर आली आहे, परंतु वहिवाट चालूच आहे. तेथें त्यांस रोगी म्हणत नाहींत. घरीं जेवून राहणारा या अर्थाचा शब्द योजतात. तो गुरांमागें जातो, लहान मुलें खेळवितो, दुकानांतून सामान आणतो. एखादा विचित्र वागला तर गांव घाबरत नाहीं, कारण गांवानें तसें वागणें लहानपणापासून पाहिलेलें असतें.

गील आपणांस शिकवितें कीं, अशा माणसांस सामावून घेण्यास मोठी विद्या लागत नाहीं, शेजार लागतो. आमच्या खेड्यांत तो शेजार अजून शिल्लक आहे. परंतु येथेंच थांबून समाधान मानूं नये. दुसऱ्याच्या घरीं प्रेमानें राहणें आणि आपलें जीवन आपण जगणें, यांत अंतर आहे. कोणाच्या घरीं राहावें, कोणतें काम करावें, कोणाशीं मैत्री करावी, हें त्याचें त्यास विचारलें जातें काय, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न शेवटीं त्याच माणसांनीं विचारला. १९७४ सालीं अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत त्यांनीं स्वतःची सभा भरविली. त्यांतील पुष्कळांनीं संस्थांत वर्षें काढलेलीं होतीं. सभेची तयारी चालू असतां त्यांच्यांतील एकानें सांगितलें कीं, आम्हांस मतिमंद म्हणून ओळखण्याआधीं माणूस म्हणून ओळखा. त्यावरून त्यांनीं आपल्या मंडळाचें नांव ठेवलें "पीपल फर्स्ट", म्हणजे आधीं माणूस. थोडे लोक येतील अशी अपेक्षा होती. पांचशेंहून अधिक आले. आपण कोठें राहावें, आपला पैसा कोणी ठेवावा, आपल्यास लग्न करतां यावें कीं नाहीं, या विषयांवर तीं माणसें उभीं राहून बोललीं. ज्यांस बोलतां येत नाहीं असें जग धरून चालत होतें त्यांस सांगावयाचें पुष्कळ होतें. जगानें विचारलेंच नव्हतें.

आमच्या वाचकांस येथें यरीहोच्या वाटेवरील आंधळ्याची गोष्ट आठवल्यावांचून राहणार नाहीं. तो ओरडूं लागला तेव्हां लोकांनीं त्यास गप्प बसविण्याचा यत्न केला. प्रभूनें मात्र त्यास जवळ बोलाविलें, आणि त्याला काय हवें तें त्यालाच विचारलें. आंधळ्यास काय पाहिजे हें कोणासही दिसत होतें. तरी प्रभूनें तें गृहीत धरलें नाहीं. देण्याच्या आधीं विचारणें हा त्या देण्याचाच भाग होता.

परंतु आक्षेप येतील, आणि ते हलके नाहींत. पहिला आक्षेप असा: "त्यास समजतच नाहीं, तर विचारून काय उपयोग? त्याच्या हातीं पैसा दिला तर कोणीही लुबाडील." याचें उत्तर शोधतांना आपण स्वतः कसें ठरवितों तें पाहावें. बैल घ्यावयाचा असला तर शेतकरी जाणत्या शेजाऱ्यास बाजारांत बरोबर नेतो. मुलीचें लग्न ठरवितांना चार नातलगांस विचारतो. दस्तऐवज करावयाचा तर लिहिणाऱ्यास गांठतो. म्हणून बैल शेजाऱ्याचा होत नाहीं, आणि शेत लिहिणाऱ्याचें होत नाहीं. कोणताही मनुष्य एकट्याच्या बुद्धीनें जगत नाहीं. आपण सारे उसन्या बुद्धीवर चालतों. मग ज्यास थोडी अधिक उसनी लागते, त्याचा हक्क तेवढ्यावरून कां बुडावा? त्याच्या वतीनें ठरविणें आणि त्यास ठरविण्यास साहाय्य करणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलींत आपण त्याच्या जागीं बसतों. दुसरींत आपण त्याच्या शेजारीं बसतों.

हें साहाय्य कसें करावें? "तुला काय पाहिजे?" असें मोघम विचारल्यास तो गांगरतो. दोन सदरे पुढें ठेवा व हात कोठें जातो तें पाहा. ज्या कामाविषयीं विचारावयाचें तें तोंडीं न सांगतां चार दिवस दाखवा. उत्तराची घाई करूं नका; आपण दहा आंकडे मोजावे तेवढा वेळ गप्प राहावें. जो बोलत नाहीं त्याचे डोळे, त्याचें हसूं, ताटावरून तोंड फिरविणें, कोणी आलें असतां कोपऱ्यांत जाऊन बसणें, हीच त्याची भाषा समजावी. आधीं लहान गोष्टींत निवड करूं द्या, म्हणजे मोठ्या गोष्टींत करतां येईल. आणि सांगणारा एकच नसावा. एकाच्याच सल्ल्यानें चालणारा मनुष्य त्या एकाचा गुलाम होतो. दोघे तिघे भले लोक असले म्हणजे एकाच्या लोभास दुसऱ्याची नजर आळा घालते.

लुबाडणूक होईल, चूक होईल, हें खरें. आठवडे बाजारांत पन्नास रुपये दिले तर तो कदाचित् फुगे घेऊन येईल. पण आपल्यांपैकीं कोणी मूर्खपणाची खरेदी कधींच केली नाहीं काय? रॉबर्ट पर्स्के नांवाच्या अमेरिकन लेखकानें १९७२ सालीं असा विचार मांडला कीं, धोका पत्करण्यांतही मनुष्याची प्रतिष्ठा आहे, आणि ज्यास सर्व धोक्यांपासून दूर ठेवलें जातें त्याची ती प्रतिष्ठा हिरावली जाते. मूल पडेल म्हणून त्यास कधींच चालूं न देणारी आई त्यास वांचवीत नाहीं, पांगळें करते. मात्र विहिरीच्या कांठावर असलेल्या कोणाचाही हात आपण न विचारतां धरूं, ह्याचाही धरावा. माप एकच असावें, म्हणजे झालें. शहाण्याच्या ज्या चुकीस आपण हंसून सोडतों, तीच चूक ह्यानें केली तर त्यास जन्माची कैद देऊं नये.

दुसरा आक्षेप हा आक्षेप नव्हे, तें रडणें आहे. रात्रीं दिवा मालवल्यावर आईबाप एकमेकांस विचारतात, "आपल्यामागें ह्याचें कोण?" या प्रश्नास सोपें उत्तर नाहीं, आणि तें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण एवढें खचित कीं, ज्याचें सारें जग म्हणजे एकटी आई, त्याचें सारें जग एका दिवसांत मातींत जातें. त्याच दिवशीं त्यास घर, भाषा, सवयी व प्रीति सर्व गमवावें लागतें, आणि भाऊबंद त्याच्या वाट्याच्या जमिनीकडे पाहूं लागतात. याच्या उलट, ज्यास गिरणीवाला नांवानें हाक मारतो, ज्याच्याशीं शेजारची मुलें बोलतात, ज्यास कांहीं काम येतें व त्याची मजुरी मिळते, ज्याच्या आवडीनिवडी चार घरांस ठाऊक आहेत, तो आईच्या मागें पोरका होतो, पण हरवत नाहीं. म्हणून आईबापांनो, तुम्हीं त्यास घराबाहेर जाऊं देतां तें प्रीति कमी झाली म्हणून नव्हे. तुमची प्रीति तुमच्यामागें टिकावी म्हणून.

या बाबतींत कायदाही आतां बदलला आहे, तो उपदेशकांनीं जाणून घ्यावा. संयुक्त राष्ट्रांनीं २००६ सालीं अपंगांच्या हक्कांचा करार मंजूर केला व भारतानें तो २००७ सालीं मान्य केला. त्यास अनुसरून आपल्याकडे दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियम, २०१६ झाला, आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. त्याच्या ५ व्या कलमांत समाजांत राहण्याचा हक्क सांगितला आहे, आणि अमुकच ठिकाणीं राहिलें पाहिजे अशी सक्ती कोणावर होऊं नये यासाठीं सरकारनें यत्न करावा असेंही म्हटलें आहे. १३ व्या कलमानें मालमत्ता धारण करण्याचा व स्वतःचे पैशांचे व्यवहार पाहण्याचा हक्क इतरांबरोबरीनें दिला आहे. १४ व्या कलमांत मर्यादित पालकत्व आहे. त्यांत पालकानें एकट्यानें ठरवावयाचें नसून, परस्पर विश्वासानें व त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणें, दोघांनीं मिळून ठरवावयाचें आहे. याखेरीज १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालीं जिल्ह्याची स्थानिक समिति पालक नेमूं शकते. मतदानाचेंही तसेंच: सक्षम न्यायालयानें मनोविकल ठरविल्यावांचून केवळ मंदबुद्धि म्हणून कोणाचें नांव मतदारयादींतून वगळतां येत नाहीं. परंतु कायदा दार उघडूं शकतो. हात धरून आंत नेणें शेजाऱ्याचें काम आहे.

तें काम आमच्या मंडळ्यांनीं हातीं घ्यावें. त्यास खर्च लागत नाहीं. अशा मनुष्यास त्याच्या नांवानें हाक मारावी, आणि त्याच्याविषयीं त्याच्यासमोर तिसऱ्यासारखें बोलूं नये. सभेंत त्यास मागें दाराशीं न बसवितां, त्यास जेथें बसावेंसें वाटेल तेथें बसूं द्यावें. सतरंजी अंथरणें, घंटा वाजविणें, पाणी देणें, यांपैकीं त्यास जें आवडेल तें काम त्याचें असावें. आणि ज्या कामास इतरांस मजुरी मिळते त्यास त्यासही पुरी मजुरी द्यावी, मूठभर चुरमुरे नव्हे. उपदेशकानें अशा घरीं गेल्यावर आधीं त्याच्याशीं बोलावें, मग आईबापांशीं. आणि कोणीं त्यास चिडविलें तर, तो हंसतो आहे म्हणून आपण हंसूं नये. कारण पुष्कळ वेळां तो एवढ्याचसाठीं हंसतो कीं लोकांत राहण्याची दुसरी रीत त्यास कोणी शिकविली नाहीं.

दया वाईट नाहीं. पण दया उंचावरून खालीं पाहते, आणि मान समोरासमोर पाहतो. ज्यास आपण जेवूं घालतों त्यास आपण अन्न देतों. ज्यास आपण विचारतों त्यास आपण माणूस मानतों. आपल्या घरांतील त्या मुलास पहिली गोष्ट पोटभर मिळाली असेल. दुसरीसाठीं तो किती वर्षें खांबाशीं बसून आहे, याचा विचार करावा.

पुन्हां तुमच्या घरीं पाहुणा येईल, चहाचें आधण चढेल, आणि पाहुणा आईकडे वळून विचारूं लागेल. तेव्हां आईनें एवढेंच म्हणावें, "त्यालाच विचारा." मग सर्वांनीं थोडें थांबावें. उत्तर यावयास वेळ लागेल. कदाचित् तो कपाकडे बोट दाखवील, आणि त्यास बशी कधींच नको होती असें त्या दिवशीं घरास प्रथमच कळेल.